‘कटर काकांनीच माका दिलेलो’

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. सप्टेंबर 2023 मध्ये, गणपतीच्या आधी, गवत मारायला चुलतभावाने आमचा ग्रासकटर नेला. ‘कटर नेतंय, गणपती झाले की हाडून देतंय’ असा त्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज अजून माझ्याकडे आहे. पुढे मागायला संकोच वाटला. फेब्रुवारी 2024 मध्ये बाबा वारले. 2025 च्या शिमग्याला मी कटर मागितला, तर तो म्हणाला, ‘कटर काकांनीच माका दिलेलो.’ कटरचं 14,500 रुपयांचं बिल बाबांच्या नावावर आहे. दुसरी गोष्ट, मित्राने फवारणीसाठी आमचा एचटीपी पंप (जोराच्या दाबाने औषध मारणारा) नेला. तो त्याच्याकडे बिघडला, त्याने मेकॅनिककडे टाकला आणि आता मेकॅनिक 6,800 रुपये दिल्याशिवाय पंप देत नाही. मित्र म्हणतो, पंप जुनाच होता. (पाइपाच्या जोडाला मी तार बांधली होती, पण तसा तो दोन वर्षं चालत होता.) शिवाय दोन झेले (आंबे काढायच्या जाळीच्या काठ्या), एक पहार आणि शिडी गावात फिरताहेत. बायको म्हणते, कटर त्याच्या पडवीत दिसतोय, जाऊन उचलून आणा. आणू का? की पोलिसांत जाऊ?

उत्तर : आधी वहिनींच्या सूचनेबद्दल, कारण हे पत्र छापून येईपर्यंत तुम्ही पडवीत पोचलेले असाल अशी मला धास्ती आहे. जाऊ नका.

भारतीय न्याय संहितेचं कलम 303 चोरीचं आहे. त्याखाली घड्याळाचं एक जुनं उदाहरण दिलंय. ते 1860 च्या दंडसंहितेत होतं, आणि जुलै 2024 पासून नवी संहिता लागू झाली तरी तसंच राहिलं. एक माणूस घड्याळ दुरुस्तीला देतो. दुरुस्तीचं काही देणं नसताना तो दुकानात उघडपणे शिरतो आणि कारागिराच्या हातातून घड्याळ हिसकावून नेतो. कायदा म्हणतो, ही चोरी नव्हे, कारण वस्तू त्याचीच आणि मनात लबाडी नाही. पण घुसखोरी आणि हमला मात्र झालेला असू शकतो. कटर आणायला पडवीत शिराल तर तुमची गत या माणसासारखी होईल. चोर ठरणार नाही, पण भावाच्या हाती तुमच्याविरुद्ध तक्रारीचं निमित्त द्याल, आणि आज ज्या भांडणात तुमची बाजू वरचढ आहे तिथे दोघेही आरोपी होऊन बसाल.

त्या उदाहरणाची दुसरी बाजू तुमच्या पंपाला लागू पडते. दुरुस्तीचे पैसे देणं असताना तेच घड्याळ कारागिराकडून पळवलं, तर ती चोरी, घड्याळ स्वतःचं असलं तरी. करार कायद्याच्या कलम 170 प्रमाणे, ज्याने वस्तूवर कष्ट आणि कसब खर्च केलंय तो आपली मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून धरू शकतो. तुमच्या मेकॅनिकला पंप तुम्ही दिला नव्हता, मित्राने दिला. तेव्हा त्याचा हक्क थेट तुमच्यावर किती चालतो यावर वकील लोक तासभर वाद घालू शकतील. तुम्ही घालू नका, बागेत मोहोर आहे.

आता कटर. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीय, ती म्हणजे तो मेसेज. भावकीत वस्तू देताना कोणी कागद करत नाही, करायला गेलं तर ‘आमच्यावर विश्वास नाही?’ हे ऐकून घ्यावं लागतं. तुमच्याकडे मात्र भावाने स्वतःच्या हाताने लिहून दिलंय की कटर नेतोय आणि अमुक वेळी परत करतोय. वापरायला नेलेल्या वस्तूला भारतीय करार कायदा, 1872 मध्ये बेलमेंट म्हणतात, मराठीत निक्षेप. यात मालकी बदलत नाही, फक्त ताबा जातो. कलम 160 सांगतं की ठरलेली मुदत संपली किंवा काम झालं की न मागताही वस्तू परत करायची. कलम 161 त्याहून कडक आहे. वेळेवर परत केली नाही, तर तिथून पुढे वस्तूला जे होईल त्याची जबाबदारी नेणाऱ्याची. खाऱ्या वाऱ्याने पातं गंजलं, पडवीत पाणी शिरून इंजिन बसलं, सगळं त्याच्या खात्यावर. म्हणजे 2023 चे गणपती पोचवून झाले तेव्हापासून कटरचा धोका भावाच्या डोक्यावर आहे, तुम्ही मागितला नसलात तरी.

मग ‘काकांनी दिलेलो’ याचं काय? हा बचाव हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जमिनीचं बक्षीस द्यायचं तर नोंदणी लागते, पण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 123 प्रमाणे जंगम वस्तूचं बक्षीस नुसत्या हाती देण्यानेही पुरं होतं. कागद नको, साक्षीदाराची सक्ती नाही. आणि बघा, वापरायला देताना हात जसा पुढे होतो तसाच कायमचं देतानाही होतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. ‘दिला’ या एका शब्दात आपल्याकडे दोन्ही मावतात, म्हणून भावकीतली निम्मी भांडणं या एका क्रियापदावर चालतात, असं माझं पंचवीस वर्षांचं निरीक्षण आहे.

शिवाय नव्या भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम 113 आज भावाच्या बाजूने आहे. वस्तू ज्याच्या ताब्यात, तो मालक नाही हे म्हणणाऱ्याने सिद्ध करायचं. तुम्ही ते बिलाने कराल. बिल बाबांच्या नावाचं आणि मेसेज परतीच्या बोलीचा, एवढं पुढे ठेवलंत की ‘मधल्या काळात काकांनी कायमचा दिला’ हे सिद्ध करायची पाळी त्याच्यावर येते. ते बोलणं कधी, कुठे, कोणासमोर झालं हे त्याला सांगावं लागेल. गणपती ते फेब्रुवारी, जेमतेम पाच महिने. या काळात बाबांनी कोणाला ‘कटर अजून आला नाही’ असं म्हटलं होतं का? शेजारी, बागेतला गडी, तुमची आई? आईला आजच विचारा.

तो फोन विकू नका, एक्स्चेंजमध्ये तर मुळीच देऊ नका. स्क्रीनशॉट काढून ठेवा, पण नुसत्या स्क्रीनशॉटवर काम भागत नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं. बिल थर्मल कागदावरचं असेल तर आजच झेरॉक्स काढा. ती शाई कोकणातल्या दमट हवेत किती टिकते ते तुम्हाला सांगायला नको.

तुम्ही विचारलेलं नाही असंही एक सांगतो. कटर बाबांचा होता. ते गेल्यावर तो एकट्या तुमचा होत नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, तुम्ही आणि बहीण असेल तर तीही, सगळे वारस. नोटीस सगळ्यांच्या नावाने जाऊ दे. बहीण मुंबईला असेल आणि तिची सही घ्यायला आठवडा लागला तरी चालेल, पण पुढे ‘तू एकटा कोण मागणारा?’ हा प्रश्न उरत नाही. फुकट वापरायला दिलेल्या वस्तूची बोली देणारा किंवा घेणारा वारला की संपते, असं करार कायद्याचं कलम 162 म्हणतं. म्हणजे भावाला मेसेजचा अर्थ कसाही लावायचा असेल, फेब्रुवारी 2024 नंतर कटर ठेवून घ्यायला त्याच्याकडे बक्षिसाशिवाय दुसरा आधार नाही.

मुदतीकडे लक्ष द्या. असा दावा तीन वर्षांत लावायचा असतो. मागणी केल्यावर नकार आला तेव्हापासून ती मोजली, तर 2025 च्या शिमग्यापासून तुम्हाला 2028 पर्यंत वेळ आहे. पण समोरचा वकील ती गणपतीनंतर लगेच सुरू झाली असं म्हणणारच. तेव्हा सप्टेंबर 2026 हीच हद्द धरून चाला.

पोलीस? जाण्यात अर्थ नाही, निदान आज नाही. न्याय संहितेत विश्वासघाताचं कलम 316 आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत, आणि ऐकायला भारदस्त वाटतं. पण दोन्ही गुन्ह्यांना, विश्वासघाताला आणि अपहाराला, मनातली लबाडी लागते, आणि ‘मला बक्षीस मिळालंय’ असं भाऊ प्रामाणिकपणे समजतोय की काय ही शंका ठाणे अंमलदाराला पहिल्या मिनिटात येईल. ‘दिवाणी मॅटर आहे’ म्हणून तुम्हाला परत पाठवतील, आणि या खेपेला त्यांचं बरोबर असेल. अपहाराच्या कलम 314 खाली मित्राच्या कपाटातून वाचायला नेलेल्या पुस्तकाचं उदाहरण आहे. संमती असेल असं समजून वाचायला नेलं तर गुन्हा नाही, पुढे विकून पैसे खिशात घातले तर गुन्हा. भावाने कटर विकायला काढल्याचं कानावर आलं, तर मात्र त्याच दिवशी लेखी तक्रार द्या.

तर करायचं काय, तर लेखी मागायचं. तुम्ही एकदाच मागितलाय, तोही शिमग्यात, पालखी दारात आलेली असताना, तोंडी. साधा कागद घ्या आणि असं काहीसं लिहा :

‘सप्टेंबर 2023 मध्ये आमच्या वडिलांच्या मालकीचा ग्रासकटर (बिल क्रमांक अमुक) तू गणपतीपुरता वापरायला नेलास. तुझा त्या तारखेचा मेसेज सोबत जोडला आहे. वडिलांनी तो तुला कायमचा दिलेला नाही. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत कटर चालू स्थितीत घरी आणून दे. न दिल्यास कटर किंवा त्याची किंमत मिळण्यासाठी कायदेशीर इलाज करावा लागेल.’

खाली आईची, तुमची, बहिणीची सही. रजिस्टर पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय, तेव्हा पोचपावती मागून स्पीड पोस्टाने पाठवा. त्याच वाडीत राहणाऱ्या भावाला पोस्टाने पत्र पाठवणं तुम्हाला विचित्र वाटेल. त्यालाही वाटेल, आणि बहुतेक वेळा पोस्टमन येऊन गेल्यावर दोन दिवसांत वस्तू खळ्यात येऊन पडते.

नाही आली, तर लगेच दावा नको. 14,500 चा कटर आता वापरलेला, त्याची आजची किंमत कोर्ट त्याच हिशेबाने धरेल आणि वकिलाच्या फीत तेवढे जातील. देवगड कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे, तिथे दाखलपूर्व लोकअदालतीसाठी अर्ज द्या. फी नाही, आणि तिथे तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याची किंमत असते, वर अपील नाही. गावच्या तंटामुक्ती समितीकडे जायलाही हरकत नाही, फक्त तिथे ठरलेलं लिहून आणि सह्या करून घ्या. देवाला कौल लावायचा असेल तर लावा, पण त्याची नक्कल कोर्टात जोडता येत नाही. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला आलंय, तरी ग्रासकटरसाठी गगनबावडा चढायची वेळ येऊ देऊ नका.

पंपाबद्दल तुम्ही कंसात जे लिहिलंय, ते मला कंसाबाहेर घ्यावं लागतंय. करार कायद्याच्या कलम 150 प्रमाणे, वस्तूत जो दोष देणाऱ्याला ठाऊक आहे आणि ज्याने वापरणाऱ्याला वावगा धोका होऊ शकतो, तो सांगून द्यायचा. न सांगितल्यास त्यातून होणारं नुकसान देणाऱ्याचं. दाबावर चालणाऱ्या पाइपाच्या जोडाला तार बांधलेली, आणि धरणारा माणूस कीटकनाशक मारतोय. तो जोड सुटून औषध कोणाच्या डोळ्यात गेलं असतं, तर आज मी तुम्हाला 6,800 रुपयांबद्दल लिहीत नसतो. आणि पंप भाड्याने दिला असता, तर ठाऊक नसलेल्या दोषाचीही जबाबदारी तुमचीच. भाडं घ्यायचा विचार असेल तर हे लक्षात ठेवा.

बिलाचे पैसे वाटण्यासाठी मेकॅनिककडून सुटं बिल मागा. जोड आणि पाइप असेल तो खर्च तुमचा. तेल न बघता पळवल्याने प्लंजर आणि सील गेले असतील तर तो मित्राचा, कारण कलम 151 प्रमाणे स्वतःच्या वस्तूची घ्यावी तेवढी काळजी त्याने घ्यायला हवी होती. त्याने पंप मधे तिसऱ्याच्या बागेत फिरवला होता का, हेही विचारा. परवानगीशिवाय फिरवला असेल, तर कलम 154 प्रमाणे त्या वापरातलं नुकसान पूर्ण त्याचं. सध्या तुम्ही पैसे भरा, पावतीवर ‘मालक म्हणून, हक्क राखून’ असं लिहून घ्या, पंप सोडवा, मग मित्राशी हिशेब करा. मोहोरावरचे तुडतुडे तुमच्या हिशेबासाठी थांबणार नाहीत.

झेले, पहार आणि शिडी यांच्याबद्दल कायदा तोच आहे, पण माझा सल्ला नाही. माझी स्वतःची पहार अकरा वर्षं कोणाच्या कुंपणाला टेकून उभी आहे ते मला रोज कोर्टात जाताना दिसतं.

पंप घरी आला की आधी ती तार सोडवा आणि जोडाचा तुकडा कापून नवीन पाइप घाला.