देसायांच्या जुन्या समाधीची डागडुजी: सिमेंट चालेल का?

बेळगावजवळच्या खानापूरकडच्या गावातली देसाई घराण्याची समाधी पडायला आलीय, पंच सिमेंटचा गिलावा करू म्हणतात, चालेल का, असं विचारलंय. कृपा करून थांबवा त्यांना.

आपल्या भागातला जांभा दगड सच्छिद्र असतो, पावसाचं पाणी पितो. जुना चुन्याचा गिलावा ती ओल हळूहळू बाहेर सोडतो. सिमेंट ती कोंडून ठेवतं. मग क्षार आत साचतात आणि दगडच पापुद्र्यांनी सुटू लागतो. काही पावसाळ्यांत गिलाव्याबरोबर दगडाचा पृष्ठभागही निघून येतो. एकदा गेलेलं कोरीवकाम परत मिळत नाही. दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरायच्या तर भिजवून मुरवलेल्या चुन्यात वाळू घालूनच. जुने गवंडी त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणीही घालत.

चौथऱ्यातून पिंपळ उगवला असेल तर उपटू नका, मुळांबरोबर सांधे उकलतात. बुंधा कापून मूळ जागेवरच मारावं लागतं, नुसतं कापलं तर पुन्हा फुटतं. ऑइलपेंट तर नकोच. वर शिवलिंग, पादुका किंवा तुळशीवृंदावन जे असेल ते हलवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, मापं घ्या.

समाधी संरक्षित यादीत आहे का, हे राज्य पुरातत्त्व खात्यात आधी विचारा. असेल तर परवानगीशिवाय हात लावता येत नाही. केंद्र संरक्षित असेल तर भोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकामही बंद.

बैलहोंगलला कित्तूरच्या राणी चन्नम्मांची समाधी आहे; त्या १८२९ साली वारल्या. तिथं लोक आवर्जून जातात. तुमच्या देसायांकडे फक्त तुम्हीच बघणार आहात.