काळी पाच सोडू नकोस

ठाणे, 3 डिसेंबर

चि. पोरीस,
सलाम.

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. ऐरोलीहून येताना गाडीत बोललीस वाटतं, कारण मागे पुढच्या स्टेशनचं नाव सांगणारी बाई तुझ्यापेक्षा स्पष्ट ऐकू येत होती. मला समजलं ते असं. चर्चच्या यूथवाल्यांना नाताळच्या आदल्या, 24 च्या रात्री मायनस ट्रॅक, म्हणजे आवाजाविना तयार साथ, लावायचा आहे आणि तू कीबोर्डमागे उभी राहून नुसती बोटं फिरवायची आहेस. त्याच रात्री वाशीला कुठल्याशा पार्टीत वाजवायला बोलावलंय, पैसे बरे देतायत. आणि उतरता उतरता म्हणालीस, "तसंही माझं कोण ऐकतं, काका?"

पहिल्या दोन गोष्टींकडे येतो. तिसऱ्या वाक्याचा मला राग आला.

कोणी ऐकत नाही, खरंय. ऐकायला आलेत कुठे ते? गायला आलेत. तू त्यांना गाऊ देतेस की नाही, एवढंच तुझं काम. शेवटच्या बाकावरच्या माणसाला ओळ संपल्यावर श्वास घेता आला, पुढच्या ओळीचा पहिला शब्द त्याच्या तोंडातून वेळेवर बाहेर पडला, तर तू चांगली वाजवलीस. नाही पडला, तर तुझ्या उजव्या हाताने कितीही नक्षी काढली असू दे, तू वाईट वाजवलीस. याला तिसरा पर्याय नाही. मी चाळीस वर्षं शोधला.

सायलेंट नाइट हे नाताळचं गाणं घे. त्यावरून यूथवाल्यांशी तुझं वाजलं, असं तुझी आई म्हणाली. छापील पुस्तकात ते बहुतेक ठिकाणी बी फ्लॅटमध्ये असतं, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा, आपली काळी पाच. गिटारवाल्या पोराला ते सीमध्ये, म्हणजे पांढरी एकमध्ये हवंय, कारण बी फ्लॅटला एका बोटाने तारा दाबून बार धरावा लागतो आणि त्याचं बोट दुखतं. फरक किती? दोन पट्ट्यांचा. पण त्या चालीचा पल्ला बघ. खालच्या सा पासून तार मध्यमापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या म पर्यंत जाते, दीड सप्तकाला थोडी कमी. काळी पाचमध्ये तो तार मध्यम येतो काळी दोनवर. पांढरी एकमध्ये येतो पांढरी चारवर. शेवटच्या ओळीत तो सूर आला की आपल्या मंडळीतल्या निम्म्या बाया तोंड मिटतात आणि पुरुष एक सप्तक खाली उतरतात. मी बघितलंय. तुझ्या जागेवरून हे दिसत नाही, कारण तुझी पाठ असते. म्हणून सांगतो, काळी पाच सोडू नकोस. गिटारवाल्याला म्हणावं, कॅपो लाव, तारा दाबणारा चिमटा. तिसऱ्या पडद्यावर लावला की जीच्या आकारात बी फ्लॅट वाजतं, बोटंही दुखत नाहीत.

आणि चाल सहा मात्रांची आहे. दादऱ्यासारखी डुलते, पण दादऱ्यासारखी ठसक्यात वाजवू नकोस. 1818 साली ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फमध्ये ती पहिल्यांदा गायली गेली तेव्हा साथीला गिटार होती. शब्द मोर यांचे, चाल ग्रुबर यांची, आणि ग्रुबर स्वतः तिथे ऑर्गन वाजवायचे. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घेतली, असं आपल्याकडे दर नाताळाला कोणीतरी भाषणात सांगतंच. ग्रुबर यांनी 1854 साली स्वतः लिहून ठेवलेल्या हकिकतीत त्याबद्दल शब्द नाही. मला वाटतं, त्या ऑर्गनवाल्याला त्या रात्री ऑर्गन नकोच होता. हा माझा अंदाज, पाळकसाहेबांना सांगू नकोस.

आता ट्रॅक. ट्रॅकचं वाईट काय, तर तो श्वास घेत नाही. कीबोर्डवरचं आपोआप ताल वाजवणारं स्टाइलचं बटणही तसंच. ओळ संपली तरी त्याचा ढोल चालूच. मागच्या बाकावर पासष्ट वर्षांची बाई आहे, चष्मा घसरलाय, पुस्तकातली ओळ शोधतेय, तिला अर्धी मात्रा जास्त हवी आहे. ती अर्धी मात्रा तिला कोण देणार, पेनड्राइव्ह?

म्हणजे दर ओळीला रेंगाळायचं असं मात्र नाही. थांबणं वेगळं आणि ओढलं जाणं वेगळं. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. शंभर फूट लांब चर्च असेल, तर तुझा सूर मागे पोचायला सेकंदाचा अकरावा भाग लागतो, आणि त्यांचा सूर तुझ्यापर्यंत यायला पुन्हा तेवढाच. म्हणजे मागचे लोक तुला कायम उशिराच ऐकू येणार. तू त्यांच्यासाठी थांबलीस, की ते तुझ्यासाठी थांबणार, आणि पाचव्या कडव्यापर्यंत गाणं मयताचं होतं. ओळीच्या आत लय घट्ट धर. थांबायचं ते ओळीच्या शेवटी, श्वासापुरतं, तुझ्या स्वतःच्या श्वासापुरतं. म्हणून वाजवताना गायचं. मनात नाही, तोंडाने. तुझा श्वास संपला की हात उचल. मास्तरांनी मला एवढी एकच गोष्ट शिकवली. तोंडात लवंग धरून शिकवली, त्यामुळे आजही लवंगेचा वास आला की माझे हात आपोआप पट्ट्यांवरून उचलले जातात.

पैशांचं म्हणशील, तर मी साधूसंत नाही. 1991 च्या नाताळात मी मुंबईतल्या एका हॉटेलात वाजवायला गेलो. रात्रीचे आठशे रुपये. वागळे इस्टेटमधल्या कंपनीत तेव्हा माझा महिन्याचा पगार दोन हजारसुद्धा नव्हता, आणि घरात फ्रिजचा हप्ता चालू होता. मास्तरांना त्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, डावा हात मांडीवर पडून असायचा. मी त्यांना सांगितलं, कोणीतरी बघा. ते हो म्हणाले. दुसरं कोणी मिळालं नाही. मग ते स्वतःच पायपेटीवर बसले. डावा पायही धड चालत नव्हता, एका पायाने भाता मारत, एका हाताने फक्त चाल वाजवली. खाली कॉर्ड नाही, बास नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी माझी आई चकल्या तळता तळता म्हणाली, "काल मंडळी काय गायली रे! किती वर्षांनी असं गायलो."

मला वाटलं होतं, ती म्हणेल तुझी उणीव भासली. मी तिच्यावरच चिडलो. म्हणालो, तुम्हाला संगीतातलं काय कळतं. पुढच्या जूनमध्ये मास्तर गेले. त्या रात्रीबद्दल मी त्यांना कधी विचारलं नाही. ते पैसे घेतले याचं मला आजही वाईट वाटत नाही, फ्रिज सतरा वर्षं चालला. पण विचारायला हवं होतं.

बरं, त्यानंतर तरी शहाणा झालो का? नाही. पुढे कमिटीशी ऑक्टोपॅडवरून, त्या इलेक्ट्रॉनिक ढोलावरून भांडलो. भांडलो ते बरोबरच होतं, आजही म्हणतो. पण रुसून बाकावर जाऊन बसलो, तेही शेवटच्या, दाराजवळच्या. वर्षभर वाजवलं नाही. लोक म्हणाले अहंकार, म्हणू देत. त्या बाकावर बसलो म्हणून मला कळलं की तिथे चाल ऐकूच येत नाही. नुसता बासचा घुमारा येतो आणि पंख्याची घरघर. शेजारच्या आजी मोठ्या अक्षरांचं पुस्तक घेऊन यायच्या आणि शब्दाच्या मधेच श्वास तोडायच्या, कारण पुढचा वाजवणारा ओळीच्या शेवटी जागाच ठेवत नव्हता. तिसऱ्या कडव्याला त्यांनी पुस्तक मिटलं, तेव्हा मला माझी सगळी वर्षं आठवली. किती पुस्तकं मी मिटायला लावली असतील! मागे वळून कधी बघितलंच नव्हतं.

म्हणून म्हणतो, या रविवारी उपासनेच्या वेळी दुसऱ्या कोणालातरी दोन गाणी वाजवू दे आणि तू दाराजवळ जाऊन बस. गा. मग मला सांग कोण ऐकतं ते.

देशी चालींचं थोडं वेगळं आहे. तुला तिथे घाई होते. रेव्ह. ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि 1919 मध्ये जाईपर्यंत आपल्या मंडळ्यांना मराठी घाटाची भजनं देऊन गेले. ती म्हणताना आपली माणसं पुस्तकात बघत नाहीत, डोळे मिटतात. त्यांच्याखाली कॉर्ड कोंबू नकोस. सा-प धर, चाल वाजव, तबल्याला जागा दे, बस. पेटीला आकाशवाणीने 1940 पासून तीस वर्षं दारात उभं केलं नाही. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, सूर ठोकळ्यासारखे, सगळं खरं. पण शंभर माणसांना एका सुरात आणायला मला पेटीहून स्वस्त काही माहीत नाही.

तुझ्या त्या ट्रॅकवाल्या पोरांवर फार डाफरू नकोस. तीच पोरं पंधरा तारखेपासून रोज रात्री कॅरलला निघतील. गळ्यात ढोलकी, एकाच्या डोक्यावर नाताळबाबाची टोपी, कोपरीपासून कळव्यापर्यंत घरोघर, आणि प्रत्येक घरी करंज्या, शंकरपाळे, केकचा तुकडा. रात्री बाराला तलावपाळीवरून परतताना त्यांचे आवाज बसलेले असतात. मीही असाच फिरलोय, हातपेटी पट्ट्याने गळ्यात अडकवून. खांद्यावर वळ उठायचा. टेनर, म्हणजे वरच्या आवाजात गाणारे पुरुष, तर या दिवसांत मिळतच नाहीत. एकच टेनर आपल्याकडे, मेथडिस्टांकडे आणि कॅथलिकांकडे गातो आणि 26 ला कोणाशी बोलू शकत नाही. पोरांना ट्रॅक हवाय कारण ती दमलेली असतात आणि भीती असते की चुकलो तर सगळ्यांसमोर हसं. त्यांना हे सांग: ट्रॅकवर चुकलात तर चूक उघडी पडते, कारण ट्रॅक पुढे निघून जातो. तू वाजवत असलीस तर त्यांची चूक तू झाकशील. मी अशा किती झाकल्या! खालच्या आवाजातले बासवाले एक ओळ आधी घुसले की मी ती ओळ दोनदा वाजवायचो आणि लोकांना वाटायचं तसंच बसवलंय.

माझा एक ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडचाच मूळचा ख्रिस्ती दोस्त कॅथलिक पॅरिशमध्ये ऑर्गन वाजवतो. त्यांच्याकडे नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या चार रविवारांत ग्लोरिया हे स्तुतिगीत गात नाहीत, ऑर्गनही आवरता घेतात. तो म्हणतो, महिनाभर हात बांधून ठेवल्यासारखं होतं, आणि 24 च्या रात्री ग्लोरियाचा पहिला सूर लावला की मागून लोकांचा आवाज अंगावर येतो. मला त्याचा हेवा वाटतो. आपण एक तारखेपासूनच सगळी कॅरल्स गाऊन चोथा करतो. पण हा कमिटीचा विषय, आणि कमिटीशी मी आता भांडत नाही. फारसा.

तर वाशी. पैसे घ्यायला मी नाही म्हणणार नाही, तुझी फी भरायची आहे हे मला माहीत आहे. त्या माणसाला 25 ची किंवा 31 ची संध्याकाळ विचार. 31 ला वॉचनाइटला, वर्षाच्या शेवटच्या रात्रीच्या उपासनेला मी वाजवीन, गुडघा साथ देईल तोवर. 24 ला नाही म्हण. तो म्हणेल दुसरी कोणी मिळेल. मिळेलच. तिकडे तुझ्या जागी कोणीही चालतं. आपल्या मंडळीत त्या आजींच्या जागेवर आता त्यांची सून बसते, तीही शब्दाच्या मधेच श्वास तोडते, आणि हे आता फक्त तुला आणि मला माहीत आहे.

24 ला पाच वाजता ये. सहाला मुलांचा सराव आहे, त्याआधी आपण दोघं सगळ्या ओळींचे शेवट बघू. फक्त शेवट. मी शेवटच्या बाकावर बसून गाईन, श्वास लागला की हात वर करीन. तू वळून बघायचंस.

आईला सलाम सांग.

तुझा,
काका

ता. क. कीबोर्डवरच्या स्टाइलच्या बटणावर चिकटपट्टी मीच लावली आहे, कमिटीवर आळ घेऊ नकोस. पट्टी बदलणाऱ्या ट्रान्सपोजच्या बटणावरही लावणार होतो, पण टेप संपली.