भीती सोमवारची, बंदी रविवारवर

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीमुळे (एनडीए) पुण्यातल्या कितीतरी घरांचे सैन्यदलांशी नाते जुळलेले आहे आणि त्या घरांतली काळजी माझ्यासारख्या समुपदेशकापर्यंत पोहोचते. मूल हवाई दलात उड्डाण शिकू लागले की काही महिन्यांनी पालक येतात आणि जवळपास त्याच शब्दांत विचारतात, "एवढं अवघड प्रशिक्षण चालू असताना ही मुलं शनिवार-रविवारी भटकायला कशी जातात?" हा प्रश्न वारंवार कानी येत असल्यामुळे एका आईची हकिकत, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे मांडत आहे.

त्यांचा मुलगा तीन वर्षे खडकवासल्याला होता, त्यामुळे लिबर्टी, म्हणजे बाहेर जायची परवानगी, मिळाली की रविवारी कोथरूडला घरी जेवायला येई. पुढे तो हैदराबादजवळच्या दुंडिगल येथील हवाई दलाच्या अकादमीत गेला, फ्लाइंग ऑफिसर झाला आणि लढाऊ विमानांच्या शाखेत निवड झाल्याने बीदरला हॉक या प्रशिक्षण विमानावर शिकू लागला. सोलापूर, नळदुर्ग, उमरगा ओलांडून जायच्या त्या गावाहून एका रविवारपुरते घरी येणे अवघडच, त्यामुळे त्याचे रविवार मित्रांबरोबर जाऊ लागले. कधी बीदरचा बहामनी किल्ला, कधी महमूद गवानचा मदरसा, तर कधी मोटारसायकलवरून थेट नळदुर्ग.

पहिल्याच भेटीत बाईंनी किल्ल्यावरचा त्याचा फोटो माझ्यापुढे धरला आणि दोन बोटांनी चेहरा मोठा करून दाखवला.

"काय दिसतंय तुम्हाला?" मी विचारले.

"डोळ्यांखाली काळं आलंय. झोप होत नाही याची."

"आणखी काही?"

त्या थोडा वेळ पाहत राहिल्या. "हसतोय. पण मॅडम, सोमवारी त्याचं फ्लाइंग असतं ना!"

पुढच्या काही भेटी माय-लेकाचे फोनवरचे वाद ऐकण्यातच गेल्या. त्या टोकत, तो तुटक उत्तरे देई आणि शेवटी त्याने फोटो पाठवणेच थांबवले. मी सल्ला द्यायची घाई केली नाही. एकदा सहज विचारले, "दिवाळीत घरी आला होता, तेव्हा कसा होता?"

त्यांनी सांगितले, "रात्री पाणी प्यायला उठले, तर हा जेवणाच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेला. हात हवेत हलवत होता, पुटपुटत होता. मी घाबरलेच. म्हणाला, आई, मी उडवतोय."

वैमानिक याला चेअर फ्लाइंग म्हणतात. कॉकपिटमधली प्रत्येक कृती, तिचा क्रम आणि रेडिओवरची वाक्ये खुर्चीत बसून मनात घोकायची असतात, कारण वर गेल्यावर आठवत बसायला वेळ मिळत नाही आणि मागच्या आसनावरचा प्रशिक्षक प्रत्येक उड्डाणाचे मूल्यमापन करत असतो.

"आठवडाभर तो त्या खुर्चीत असतो," मी म्हणाले. "रविवारी त्याने कुठे असावं, असं तुम्हाला वाटतं?"

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला त्या मोटारसायकलची भीती नाहीये. मला विमानाची भीती आहे. पण विमानात जाऊ नकोस, असं कसं सांगू त्याला?"

या वाक्याची मी वाट पाहत होते आणि ते त्यांचे त्यांनीच उच्चारले, याचे मला आजही समाधान आहे. मुलाच्या उड्डाणावर पालकांचा काडीचाही ताबा नसतो, म्हणून सगळी भीती जिथे टोकता येते तिथे, म्हणजे त्याच्या सुट्टीवर, येऊन बसते. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. तिच्यात इच्छा आणि मागणी यांत फरक केला जातो. 'तो सुखरूप असावा' ही इच्छा आहे आणि ती रास्त आहे. 'त्याने खोलीत बसून मला निर्धास्त ठेवलेच पाहिजे' ही मागणी आहे. ती मान्य झाली तरी आईची भीती कमी होत नाही आणि मुलाची विश्रांती मात्र जाते, कारण खोलीत बसलेला शिकाऊ वैमानिक पुन्हा खुर्चीत डोळे मिटून बसण्याचीच शक्यता अधिक.

रस्त्याचा धोका खोटा नाही, म्हणून त्याविषयी नेमके बोलावे. हेल्मेट आहे का, रात्रीचा प्रवास टाळता येईल का, रविवारी दिवेलागणीपूर्वी परतून पुरेशी झोप होईल का, एवढे एकदाच आणि जाण्यापूर्वी विचारावे. सहल चालू असताना फोनवर फोन करू नयेत. रविवारी रात्री घरातली भांडणे, आजारपणे, पैशांचे विषय काढू नयेत. त्या विषयांना मंगळवारही चालतो. परतल्यावर 'काय पाहिलंस?' असे विचारावे आणि उत्तर संपेपर्यंत ऐकावे. या आईंनी नळदुर्गच्या किल्ल्यातल्या पाणीमहालाबद्दल विचारले, तेव्हा मुलगा बराच वेळ बोलला आणि त्या ओघात, न विचारता, एक उड्डाण बिघडल्याचेही सांगून गेला.

सगळ्याच सहली विश्रांतीच्या असतात, असे मात्र मी म्हणणार नाही. मूल दर आठवड्याला एकटेच निघून जात असेल, परतल्यावर अधिक थकलेले वाटत असेल, पिण्याचे प्रमाण वाढले असेल किंवा उड्डाणाचा विषय निघताच बोलणे तोडत असेल, तर ते कशापासून तरी दूर पळत असण्याची शक्यता असते. अशा वेळी सहलीवर बोट ठेवू नये. 'या आठवड्यात सगळ्यात जड काय गेलं?' एवढेच विचारावे आणि तळावरच्या डॉक्टरांशी किंवा विश्वासातल्या प्रशिक्षकाशी बोलायला सुचवावे. उड्डाण थांबवतील या धास्तीने पुष्कळ मुले ते टाळतात, म्हणून 'उड्डाण थांबलं तरी या घरात तुझी किंमत तीच राहील,' हे आई-वडिलांनी आधी स्वतःच्या तोंडाने आणि स्पष्ट शब्दांत सांगितलेले असावे.