‘मॅडम, जेल होईल का?’

दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेला माणूस समुपदेशनाला आला की पहिला प्रश्न हाच. औषध कंपनीत एमआर (वैद्यकीय प्रतिनिधी) असलेल्या प्रकाशनेही (नाव बदललं आहे) तोच विचारला. शनिवारी रात्री नाकाबंदीत फुंकायला लावलं, पावतीवर आकडा आला ८६. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. बाइक पोलिसांकडे जमा आणि घरी मात्र ‘सर्व्हिसिंगला टाकलीय’ अशी थाप.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र आहे, शिवाय अपघात नाही, कुणाला इजा नाही, तर बरेचदा दंडावर भागतं, असं सांगितल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. ‘मग मोबाइलवरूनच भरून टाकतो की!’

हे मित्रांनी डोक्यात भरवलेलं. सिग्नल तोडल्याचं चलन वेगळं. ही केस कोर्टातच जाते आणि तिथे गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे दोषी ठरणं. पुन्हा सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड, किंवा दोन्ही. शिवाय दोषी ठरल्यावर पहिल्याच वेळी किमान ६ महिने गाडी चालवायला अपात्र ठरवण्याची तरतूद आहे.

इथे तो गप्प झाला. दिवसभर डॉक्टरांच्या भेटी, सगळ्या बाइकवर. जेलच्या धास्तीत लायसन्सचा विचारच केला नव्हता.

मी म्हटलं, तारीख चुकवू नका, वॉरंट निघू शकतं. ‘मांडवली करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देण्यापेक्षा वकील गाठा. आणि आधी घरी सांगा.

पुढच्या वेळी बायको सोबत आली. ती चिडेल अशी त्याची खात्री होती. ती म्हणाली, ‘पकडलं ते बरंच झालं हो. रोज रात्री बाइकचा आवाज येईपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरत नाही.’ तो म्हणाला, रोज कुठे, कधीतरी घेतो. तिने बोटांवर मोजून दाखवलं: सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार. वकील कोर्टाचं बघणार होते, आम्ही या चार वारांवर बोलायला बसलो.

मॅनेजरला त्याने स्वतःच सांगितलं. लायसन्स परत मिळेपर्यंत बसने फिरता येईल असा शहरातला भाग मिळाला. इन्सेंटिव्ह बुडाला तो बुडालाच.