वाचकांचे प्रश्न : घाटातली पहिली हाफ मॅरेथॉन

प्रश्न : वय ३८, ठाण्यात राहते. वर्षभर आठवड्यातून तीनदा ५ किलोमीटर न थांबता पळते. सप्टेंबरमधल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव दिलंय. हाताशी १२ आठवडे आहेत. सपाटीवरच्या सरावावर घाट झेपेल का?

उत्तर : चढ झेपेल. काळजी घ्यायची ती उताराची. साताऱ्याचा मार्ग शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढतो, कासच्या रस्त्याला लागतो आणि वळून खाली येतो. म्हणजे चढून दमलेल्या पायांनी उतार पळायचा. (वाटेत कासची फुलं दिसतील म्हणून जाऊ नका. पठार शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे, स्पर्धा पुष्कळ अलीकडे वळते.)

उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतो. त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. सवय नसली तर शेवटच्या चार-पाच किलोमीटरांत मांड्या दगड होतात आणि पुढचे दोन-तीन दिवस जिना उतरवत नाही. पण उतारावर दोन-चार वेळा बेताने पळलं, की पुढचे काही आठवडे तेच स्नायू हा मार बराच सोसतात. बहुतेक नवखे चढ घोटतात आणि परतताना गाडीत बसतात. निम्मा सराव तिथेच वाया जातो.

तुमच्याजवळ येऊरचा रस्ता आहे. तिसऱ्या आठवड्यापासून दर बुधवारी तिथे जा. आधी १५ मिनिटं सपाटीवर हळू पळा, मग साधारण ४०० मीटरचा चढ चार वेळा चढा आणि प्रत्येक वेळी पळतच उतरा. दर आठवड्याला एक फेरी वाढवत आठपर्यंत न्या. उतरताना पावलं छोटी आणि भरभर टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा. मागे रेलून टाचेने ब्रेक लावला की धक्का थेट गुडघ्यात जातो. स्पर्धेआधीच्या दहा दिवसांत मात्र उतार नको.

रविवारची लांब धाव किलोमीटरमध्ये अशी : ७, ८, १०, ८, ११, १३, १५, ११, १६, १८, १० आणि बाराव्या रविवारी स्पर्धा. मधेच आकडा खाली येतो तो मुद्दाम, हाडं आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) सावरायला वेळ लागतो. हाफ मॅरेथॉनचे पूर्ण २१ किलोमीटर आधी पळून बघायची गरज नाही. आठवड्यात आणखी दोन दिवस ५-६ किलोमीटर, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल अशा वेगाने. जोडीला आठवड्यातून दोनदा पायरीवर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच सावकाश खाली टेकवणं, १२ चे तीन सेट.

स्पर्धेत चढावर घड्याळातला वेग बघूच नका, श्वास बघा. वाक्य तुटायला लागलं की ३० पावलं चाला, पुन्हा पळा. लाज वाटायचं कारण नाही. तीव्र चढावर भराभर चालणारा आणि रेटून पळणारा यांच्यात वेळेचा फरक फार पडत नाही, दमण्याचा पडतो.

प्रश्न : अंतर वाढवल्यापासून नडगी दुखते. विश्रांती घ्यावी की पळत राहावं?

उत्तर : बोटाने दाबून बघा. नडगीच्या आतल्या कडेला चार-पाच बोटं लांबीत दुखत असेल आणि अंग तापल्यावर कमी होत असेल, तर बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे ताणामुळे नडगीच्या हाडालगत होणारं दुखणं. अंतर निम्मं करा, डांबराऐवजी मातीवर पळा आणि गुडघा वाकवून टाचा उचलण्याचा व्यायाम रोज १५ चे तीन सेट करा. पण दुखणं एकाच बिंदूवर असेल, एका पायावर उडी मारली की कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर त्याच दिवशी पळणं थांबवून ऑर्थोपेडिककडे जा. हाडाला ताणाची चीर असू शकते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती एक्स-रेत बहुतेकदा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून पळायला सुरुवात करू नका. वेदनाशामक गोळी घेऊन तर अजिबात नाही.

प्रश्न : पहाटे फक्त चहा घेऊन पळतो. १४ किलोमीटरनंतर पाय चालत नाहीत. पाणी भरपूर पितो, तरीही असं का?

उत्तर : इंधन संपतं म्हणून, आणि पाणी ते भरून काढत नाही. सुरुवातीच्या दोन तास आधी वाटीभर पोहे (शेंगदाणे कमी, ते पचायला जड) किंवा जॅम लावलेले दोन ब्रेड आणि एक केळं खा. चहा चालेल. पळताना पहिल्या ४५ मिनिटांनंतर ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात : साधे खजूर पाच-सहा, किंवा एक-दोन जेल (धावपटूंसाठी छोट्या पाकिटात मिळणारा साखरेचा घट्ट पाक). जेल पाण्यासोबतच घ्या, आणि लांब धावेत आधी करून बघा. स्पर्धेच्या दिवशी नवा पदार्थ खाल्ला की पोट बिघडलंच म्हणून समजा.

पाणी तहानेप्रमाणे, घोट-घोट. तासभर पळण्याआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर प्यायलेल्या पाण्यापेक्षा साधारण लिटरभर जास्त घाम गेला. वजन वाढलं असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पिताय. त्याने रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात. लांब धावेत निम्मं पाणी ओआरएसचं ठेवा. पाकीट सांगितलेल्या मापाच्या पाण्यातच विरघळवा, घट्ट केलेलं पोटात खळबळ माजवतं.