पायथनमधली डेटाक्लास जेसनमध्ये लिहून जशीच्या तशी परत कशी वाचावी?

डेटाक्लास म्हणजे फील्ड ठेवणारा साधा क्लास, आणि जेसन म्हणजे माहिती मजकुराच्या रूपात साठवण्याची पद्धत. तुमच्या दोन अडचणी आहेत. नोंदीत तारीख असली की जेसन.डम्प्स (माहितीचा जेसन मजकूर करणारे फंक्शन) टाइपएरर देतो, आणि फाइलमध्ये मराठी नावांच्या जागी विचित्र कोड दिसतात.

कोडचे आधी संपवू, ते सोपे आहे. डम्प्सला काही सांगितले नाही तर तो आस्कीबाहेरचे (म्हणजे मूळ इंग्रजी चिन्हसंचात नसलेले) प्रत्येक देवनागरी चिन्ह उलटी तिरकी रेघ, यू आणि चार हेक्स अंक असे लिहितो. माहिती शाबूत असते, लोड्स (जेसन परत वाचणारे फंक्शन) ती नीट वाचतो. पण ‘मराठी’ या शब्दाला यूटीएफ-८मध्ये १५ बाइट पुरतात तिथे असे ३० लागतात, आणि फाइल उघडून डोळ्यांनी काही तपासता येत नाही. एन्शुअर_आस्की=फॉल्स द्या. सोबत ओपनमध्ये एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-८ लिहाच. विंडोजवर ते राहिले तर बहुधा सिस्टिमचे कोडपेज वापरले जाते आणि देवनागरी लिहिताना युनिकोडएन्कोडएरर येतो.

आता तारीख. जेसनला ऑब्जेक्ट, अ‍ॅरे, स्ट्रिंग, संख्या, ट्रू-फॉल्स आणि नल एवढेच ठाऊक आहे. डेटाक्लासेस.अ‍ॅसडिक्ट आतल्या डेटाक्लाससुद्धा डिक्शनरीत बदलून देतो, पण तारखेला हात लावत नाही, म्हणून डम्प्स तिथे अडतो. यावर सगळीकडे डीफॉल्ट=एसटीआर हा उपाय सुचवलेला दिसेल. तो वापरू नका, असेच मी सांगेन. त्याने एरर जातो, पण चुकून सेट आला तर तोही महिरपी कंसासकट स्ट्रिंग होऊन निमूटपणे फाइलमध्ये जातो. त्याऐवजी डीफॉल्टला स्वतःचे छोटे फंक्शन द्या: तारीख असेल तर आयसोफॉरमॅट, डेसिमल (अचूक दशांश संख्या) असेल तर त्याची स्ट्रिंग, बाकी कशालाही टाइपएरर. पैशांची रक्कम फ्लोट करून लिहू नका. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज फ्लोटमध्ये नेमकी ०.३ येत नाही, हे हिशेबात नडते.

खरी गोम परत वाचण्यात आहे. लोड्स तुम्हाला डिक्शनरी देतो, तुमचा क्लास नाही. मग बहुतेक जण दोन फुल्या लावून ती डिक्शनरी सरळ क्लासला देतात: नोंद(**माहिती). हे चालते, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. डेटाक्लास टाइप हिंट तपासत नाही, त्यामुळे तारखेच्या फील्डमध्ये स्ट्रिंग बसते आणि आत दुसरी डेटाक्लास असेल तर तिच्या जागी साधी डिक्शनरी राहते. एरर येतो तो पुढे कुठेतरी, दोन तारखांची वजाबाकी करताना, आणि तेव्हा मूळ कारण सापडत नाही. म्हणून क्लासमध्येच फ्रॉम_डिक्ट नावाची क्लासमेथड लिहा आणि प्रत्येक फील्ड हाताने बदला: तारखेला डेट.फ्रॉमआयसोफॉरमॅट, रकमेला डेसिमल, आतल्या क्लासला त्याची स्वतःची फ्रॉम_डिक्ट. फ्रॉमआयसोफॉरमॅट पायथन ३.७पासून आहे, पण वेळेच्या शेवटी झेड असेल तर डेटटाइमची ही मेथड ती ३.११पासूनच स्वीकारते.

काही गोष्टी मात्र एररशिवाय बदलतात. टपल लिहिला की लिस्ट परत येते. डिक्शनरीची पूर्णांक की स्ट्रिंग होते. १ आणि "१" अशा दोन्ही की असतील तर वाचताना नंतरची टिकते, आधीची जाते.

हे सगळे पकडणारी एक ओळीची चाचणी आहे: नोंद लिहा, तीच परत वाचा आणि == ने मूळ नोंदीशी ताडून पाहा. डेटाक्लासला तुलना आयती मिळते, त्यामुळे तारीख स्ट्रिंग राहिली असेल तर चाचणी लगेच फसते. चाचणीतल्या नोंदीत प्रत्येक फील्ड भरलेले ठेवा. तारखेच्या जागी नन असेल तर चाचणी पास होईल आणि चूक तशीच राहील.

फाइल ब्राउझरमध्येही वाचली जाणार असेल तर ९००७१९९२५४७४०९९१पेक्षा मोठे क्रमांक स्ट्रिंग म्हणून लिहा. त्यापुढचे पूर्णांक जावास्क्रिप्टच्या साध्या संख्येत अचूक राहतीलच असे नाही. अलाउ_नॅन=फॉल्सही द्या, कारण पायथन जो नॅन (‘संख्या नाही’ असे सांगणारे मूल्य) लिहितो तो वैध जेसन नाही आणि जावास्क्रिप्टचा जेसन.पार्स अशी फाइल नाकारतो.