वेर्ण्याची अप्रेंटिसशिप की पुण्याचा ईव्ही कोर्स?

गोव्यातल्या साखळीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. वेर्ण्याला वॉशिंग मशीनच्या कारखान्यात तिला वर्षभराची अप्रेंटिसशिप मिळतेय, पण तिला पुण्याचा सहा महिन्यांचा ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांचा कोर्स करायचाय, फी ८५ हजार. वडील लिहितात, "खाणी बंद झाल्या तेव्हा, २०१२ला आणि परत २०१८ला, माझा ट्रक दारात उभा राहिला. पोरीनं बुडत्या धंद्यात जाऊ नये, एवढंच वाटतं. घरगुती उपकरणं आता सगळी चीनमधून येणार म्हणतात. आणि ईव्हीत तर डायसनसारख्या कंपनीनं हात टेकले. मग जायचं कुठं?"

नमस्कार,

दोनदा ट्रक उभा राहिलेला बघितल्यावर कुठल्याही धंद्याची धास्ती वाटणारच. म्हणून तुमचा प्रश्न मी हलक्यात घेत नाही.

आधी डायसनचं बघू. व्हॅक्यूम क्लीनर बनवणाऱ्या या कंपनीनं २०१७मध्ये इलेक्ट्रिक गाडी काढणार असं जाहीर केलं, कारखान्यासाठी सिंगापूर ठरलं, आणि ऑक्टोबर २०१९मध्ये सगळं गुंडाळलं. जेम्स डायसन यांचे स्वतःचे ५० कोटी पौंड त्यात गेले. गाडी तयार झाली होती. पण खर्च भरून निघायचा तर ती दीड लाख पौंडांना विकावी लागली असती. अडलं ते हिशेबावर. उलट शाओमी, जी फोनबरोबर एसी आणि वॉशिंग मशीनही विकते, तिनं मार्च २०२४मध्ये गाडी बाजारात आणली आणि त्याच वर्षी लाखावर गाड्या दिल्या. एलजी गाडी काढायच्या भानगडीत पडली नाही. तिनं २०२१मध्ये गाड्यांचे भाग बनवणाऱ्या मॅग्ना कंपनीशी भागीदारी केली, ती दुसऱ्यांच्या गाड्यांना विजेच्या मोटारी आणि इन्व्हर्टर (मोटारीला हवी तशी वीज करून देणारा भाग) पुरवायला. मला हाच रस्ता सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, आणि तुमच्या मुलीनंही तोच धरावा.

का, ते सांगते. मागच्या पावसाळ्यात आमच्या घरची मशीन बंद पडली. मेकॅनिकनं मागचं झाकण काढलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. ड्रमच्या मागे ताटाएवढी मोटार, कडेनं चुंबकं, आत तांब्याची वेटोळी. ती ठणठणीत होती. गेला होता तो मोटार चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. त्याच्या एका कडेला हिरवट थर चढला होता, आपल्या दमट हवेचा प्रताप. हा बोर्ड घरातल्या विजेची आधी डीसी (एकाच दिशेनं वाहणारी वीज) करतो, मग तिच्या तीन फेज बनवून ड्रम हवा तितका हळू किंवा जोरात फिरवतो. इलेक्ट्रिक गाडीतला इन्व्हर्टर बॅटरीच्या डीसीवर हेच करतो. फरक ताकदीचा. मशीनची मोटार काहीशे वॅटची, तर टियागो ईव्हीची मोठी मोटार ५५ किलोवॅटची. त्यामुळे उष्णता, इन्सुलेशन, सुरक्षा या गोष्टी गाडीत कितीतरी कडक होतात आणि त्या वेगळ्या शिकाव्याच लागतात. पण ज्या मुलीला हा बोर्ड वाचता येतो, तिला तिथे अगदी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

उपकरणांचा धंदा बुडतोय हेही मला पटत नाही. छताचा साधा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा, म्हणजे चुंबकाच्या, बोर्डावर चालणाऱ्या मोटारीचा, ३०च्या आसपास. म्हणजे पंख्यातही आता बोर्ड आलाय. एसीचे आणि एलईडीचे सुटे भाग देशात बनावेत म्हणून केंद्रानं २०२१मध्ये ६,२३८ कोटींची पीएलआय (उत्पादनावर प्रोत्साहन रक्कम देणारी) योजना आणली. वेर्ण्यात वॉशिंग मशीन बनवणारी आयएफबी १९७४मध्ये सुरू झाली ती फाइन ब्लँकिंगच्या (धातूचा पत्रा अगदी अचूक कापून बनवलेल्या) सुट्या भागांपासून, आणि गाड्यांचे भाग ती आजही बनवते. चीनची धास्ती मात्र खोटी नाही. एप्रिल २०२५मध्ये चीननं दुर्मीळ मूलद्रव्यांच्या चुंबकांवर निर्यातीचे निर्बंध घातले तेव्हा वाहन कंपन्यांची धावपळ उडाली. पंखे आणि वॉशिंग मशीनच्या मोटारी बऱ्याचदा साध्या फेराइट चुंबकावर भागतात. या बाबतीत जास्त अडकलीय ती ईव्हीच.

तेव्हा अप्रेंटिसशिप घ्यावी. करार नॅट्स, म्हणजे केंद्राच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर नोंदवतात का, ते आधी विचारा, कारण पुढे कामाला येतं ते त्या प्रमाणपत्राचं वजन. आणि वर्षभर नुसतं असेंब्ली लाइनवर उभं करणार की टेस्टिंग, बोर्ड दुरुस्ती, मेंटेनन्समध्येही फिरवणार? फक्त स्क्रू आवळायला ठेवणार असतील तर मी दुसरा कारखाना शोधा म्हणेन. पुण्याच्या कोर्सवाल्यांनाही असंच तोंडावर विचारा: बॅटरी पॅक उघडायला मिळतो का, ऑसिलोस्कोप (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र) मुलांच्या हातात देतात का? नुसत्या स्लाइड दाखवणार असतील तर ८५ हजार घालू नका. वर्षानं तिला वाटलं तर डिप्लोमावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. फर्मागुढीचं सरकारी कॉलेज आहेच.

एक गोष्ट पत्रात नाही, पण मला ती खटकली. साखळीहून पणजी, तिथून पुन्हा बस बदलून वेर्णा. आणि दुसरी शिफ्ट रात्री सुटल्यावर घरी यायचं कसं? कंपनीची बस कुठपर्यंत येते ते बघा. नाहीतर मडगावला दोघीतिघींनी मिळून खोली घ्यावी, त्याचे पैसे कोर्सच्या फीतून निघतील. कदाचित ती पुणे म्हणतेय त्यामागे हा रात्रीचा प्रवासही असेल. ती आपणहून बोलेल असं नाही. आज जेवताना तुम्हीच विचारा.